खाऱ्या बांगड्यांचं पाणी

कोपरीत खाडीच्या अंगाला आमचं घर आहे. पुढे अंगण म्हणायला जागा आहे, पण चार माणसं उभी राहिली की भरतं. जमीन खारट. तुळससुद्धा बाहेरून माती आणून लावलेली. त्या अंगणात माझ्या बायकोने गुलाब वाढवला. निळं पिंप मधोमध कापून त्याच्या अर्ध्यात.

शहाडला एका लग्नाला गेलेलो, तिथल्या नर्सरीतून तिने ते रोप उचललं. कलमी गुलाब. एका दांड्याला एकच फूल, मोठं, लांब कळीचं. रंग कसला सांगू? कोलंबी तव्यावर टाकली की पहिल्यांदा जो रंग चढतो ना, तो. लोक नारिंगी म्हणायचे. मी म्हटलं, "याला वास तर नाय काही." ती म्हणाली, "मासली विकनाऱ्या बाईला वासाचं काय करायचंय? दिसलं पायजे."

आणि दिसायचं. बाजारात तिच्या लाईनीतल्या सगळ्या बायका अंबाड्यात वेणी नायतर अबोली माळायच्या. ही एकटी तो एक गुलाब खोचून बसायची. गिऱ्हाईक म्हणायचं, ती गुलाबवाली मावशी कुठाय. मला तेव्हा याचं काही वाटायचं नाही. मी खाडीत जाळं टाकायचो, पुढे खाडीत काही उरलं नाही तसा वॉचमन झालो. झाड तिचं होतं. मी कधी तांब्याभर पाणी घातलं असेल तर शपथ.

गेल्या वर्षी माघात ती गेली. छातीत दुखतं म्हणाली, हॉस्पिटलात नेली. मी डॉक्टरला विचारलं, वाचेल का. तो म्हणाला, सांगता येत नाही. एवढंच. मी बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. दुसरं काय करणार होतो.

पावसाळाभर झाड पावसाने सांभाळलं. दसरा गेला, आभाळ कोरडं झालं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आता याला पाणी घालणारं घरात कोणी नाही, मीच आहे. तेव्हाच मी मनात धरलं की माघात तिचं वर्षश्राद्ध येईल, त्या दिवशी फोटोला याच झाडाचं फूल लावायचं. जास्त नको, एक. गुलाब थंडीतच फुलतो हे मला माहीत होतं, कारण थंडीत तिचा अंबाडा कधी रिकामा नसायचा. ती कोजागिरीच्या सुमाराला कात्रीने फांद्या छाटायची, तशा मीही छाटल्या. जमल्या तशा.

खत म्हणून ती मासळी धुतलेलं पाणी घालायची. ते मी रोज बघितलेलं. कोळ्याच्या घरात कुठल्याही झाडाला तेच घालतात. तसं मीही घालायला लागलो.

आता मी खात काय होतो ते सांगतो. बाजारात जायची माझी छाती नव्हती. तिच्या जागेवर आता दुसरी बाई बसते. तिचा काय दोष, पण मला बघवत नाही. मग घरात होतं ते खायचो. ती जायच्या थोडं आधी बांगडा स्वस्त झालेला, तेव्हा तिने दोन बरण्या भरून बांगडे खारवून ठेवलेले. पावसाळ्यात मी त्या बरण्यांना हात लावला नाही. दसऱ्यानंतर उघडल्या. बांगडा खारट असतो, दोन-तीन पाण्यात भिजवावा लागतो. ते सगळं पाणी मी पिंपात ओतायचो. मासळीचं पाणी, वाया कशाला घालवायचं?

पानांच्या कडा आधी करपल्या. मला वाटलं, उन्हाने. मी जास्त पाणी घातलं. तेच पाणी.

बायकोच्या शेजारी बाजारात बसणारी एक बाई आहे, तिची मैत्रीण, मला भावजी म्हणते. दिवाळीनंतर एकदा ती ताजी मासळी घेऊन आली. मी नेमका टोप घेऊन पिंपापाशी उभा.

"भावजी, ते काय ओततावं?"

"मासलीचं पानी. ती घालायची ना."

तिने टोपात बोट घातलं, जिभेला लावलं आणि थू करून थुंकली.

"गुलाब लावलाय का लोनचं घातलंय? हे तर नुसतं मीठ हाय."

"ती पण घालायची."

"ती ताज्या मासलीचं घालायची. त्यातलं पन पयलं पानी गटारात, दुसरं झाडाला. एवढी वर्सं ह्या घरात होतात, डोले कुठं होते तुमचे?"

तिने माझ्या हातातून टोप घेतला, गटारात रिकामा केला आणि ओट्यावर बसून पदराने डोळे पुसायला लागली. मी आत जाऊन तिच्यासाठी चहा ठेवला, त्यात साखर टाकायची विसरलो.

मग आम्ही नळाचं गोडं पाणी बादल्या बादल्या ओतून माती धुतली. पिंपाच्या भोकांतून पाणी जात राहिलं. पण पानं गळायची ती गळलीच. फांद्या वरून खाली काळ्या पडत आल्या. मी रोज सकाळी बघायचो, काळं किती उतरलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मग एके दिवशी बुडातून एक कोंब आला. हिरवागार. काही आठवड्यांत माझ्या कमरेएवढा झाला. मी मुलीला फोन केला, ती डोंबिवलीला असते. म्हटलं, "तुझ्या आयचं झाड जगलं." तिने व्हिडीओवर बघितलं, रडली. मी त्या कोंबाला काठी लावली, जाळ्याच्या दोऱ्याने बांधली. गाठ बरोबर बसली. हाताला ती येतेच.

पण कळी धरेना. नुसता वाढतच चाललेला, काटे बारीक बारीक, पानं पण लहान. मुलगी म्हणाली, "बाबा, तू एकदा नर्सरीत विचार." मी त्याची एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि शहाडला गेलो.

नर्सरीवाल्याने डहाळी उलटी करून बघितली. "काका, कुठून फुटलंय हे?"

"खालून. बुडातून."

"मग हे तुमचं नाही. कलम रानगुलाबावर बांधतात. वरचं कमजोर झालं की खालचं रान उठतं. कापून टाका, नाहीतर वरच्याला काही मिळणार नाही."

"आणि कापलं तर वरचं जगेल?"

त्याने डहाळी माझ्या हातात परत दिली. "सांगता येत नाही."

मी तिथेच एका उलट्या कुंडीवर बसलो. त्याने पाणी विचारलं. मी नको म्हटलं.

घरी आलो तर तो कोंब काठीला टेकून मजेत उभा. घरात तेवढंच एक वाढत होतं. आणि त्याच्या बाजूला तिचा गुलाब, म्हणजे एक काळपट काटकी, खाली वीतभर जरा हिरवी असेल नसेल. जगणारं कापायचं आणि मेल्यासारखं ठेवायचं. मी सुरी दोनदा हातात घेतली, दोनदा खाली ठेवली. शेवटी मुलगी रविवारी आली, तिने विचारलं नाही, सांगितलं नाही, बुडाशी माती उकरून तो कोंब मुळापासून ओढून काढला. मी गाठ सोडवून दिली. तेवढं माझ्याकडून झालं.

त्यानंतर मी रोज त्या काटकीची साल नखाने खरवडून बघायचो. आत हिरवं दिसलं की चहा गोड लागायचा.

वर्षश्राद्ध आलं. पानात कोलंबी वाढली, आमच्या कोळ्यांत चालते. तिची मैत्रीण बाजारातून गुलाब घेऊन आली, गुलाबी, फुलवाल्याकडचा. फोटोला लावताना म्हणाली, "चालंल तिला." मी म्हटलं, चालेल. तिला चाललं नसतं. ती असती तर ते फूल काढून दुसऱ्या कुणाच्या तरी अंबाड्यात खोचलं असतं.

पाहुणे गेल्यावर मुलगी अंगणात गेली आणि काटकीजवळ वाकली. "बाबा, हे कुणी केलं?"

सालीवर नखांच्या खुणाच खुणा होत्या. वरपासून खालपर्यंत.

"बघत होतो," मी म्हटलं. "जिवंत आहे का."

"रोज बघितलंस तर त्यानेच मरेल ना रे."

खरं आहे. आता मी नख लावत नाही. सकाळी तांब्याभर गोडं पाणी घालतो आणि ओट्यावर बसतो. काटकी उभी आहे. आत हिरवं आहे का सुकलं, ते मला कळायला काही मार्ग नाही.