बस्त्यावकाकांची सतरा वर्षं

प्रोजेक्टरवर दुसरी स्लाइड आली आणि चहाचा ट्रे घेतलेले बस्त्यावकाका तिथेच थांबले. पाहुणे सांगत होते, "पीएफमधून पेन्शन हवं असेल तर दहा वर्षं सर्व्हिस लागते."

आमच्या बोरिवलीच्या खासगी विद्यापीठात स्टाफसाठी 'रिटायरमेंट प्लॅनिंग'चं सेमिनार होतं. स्टाफ म्हणजे पर्मनंट. मी कॉन्ट्रॅक्टवरची क्लार्क, प्रोजेक्टर सांभाळायला होते. काका केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट, तेही कॉन्ट्रॅक्टवर. चहा देऊन बाहेर जायचं, बसायचं नाही, अशी पद्धत.

नंतर पॅन्ट्रीत काकांनी मला गाठलं. "बाय, माझी सतरा झाली. डिसेंबरला अठ्ठावन्न पूर्ण. म्हणजे पेन्शन लागेल ना?"

घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मला सगळं येतं. मी म्हटलं, विचारते.

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "ते आमच्या रोलवर नाहीत. एजन्सीला विचार."

काकांना घेऊन मी सुपरवायझर परबांकडे गेले. टेंडरबरोबर एजन्सी बदलायची, परब मात्र तेच. ते हसले. "काका, टेंडर बदललं की दर वेळी पीएफ काढलात ना? पेन्शनच्या भागासकट?"

"तुम्हीच सांगितलं होतं, परब. जुनं खातं क्लिअर करा म्हणून."

"सांगितलं होतं. सगळेच काढतात."

तेव्हा मला कळलं. पेन्शनचा भाग काढला की तोवरची सर्व्हिस पुसली जाते. पुन्हा शून्यापासून मोजायचं. काकांनी एकदा होडीच्या इंजिनसाठी काढला, एकदा मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी, एकदा बायकोच्या ऑपरेशनसाठी. सतरातली उरली तीन.

देशमुख सर काकांच्याच लॅबचे प्रोफेसर. सेमिनारमध्ये त्यांनी विचारलं होतं, दुसरा फ्लॅट ठेवू की विकू. काकांचं ऐकून ते खरोखर हळहळले. "अरे बस्त्याव, पीएफला कधी हात लावायचा नसतो. बेसिक आहे हे."

"तुम्हाला कोणी सांगितलं, सर?"

"वडील बँकेत होते ना."

"माझे होडीवर होते," काका म्हणाले आणि टेस्ट ट्यूब धुवायला वळले.

मी पीएफ ऑफिसच्या दोन खेपा केल्या. काही झालं नाही. नियम नियमच होता.

डिसेंबरमध्ये देशमुख सर आणि काका एकाच दिवशी रिटायर झाले. सरांचा निरोप समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. सर फार चांगलं बोलले, काकांचंही नाव घेतलं. तेव्हा काका समोसे वाटत होते. संध्याकाळी परबांनी त्यांचं आयकार्ड जमा करून घेतलं. सोमवारपासून काका एका सोसायटीत वॉचमन.

रिटायरमेंटची तयारी पहिल्या पगारापासून करा, असं त्या सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर होतं. बरोबरच आहे. फक्त पहिली स्लाइड चालू होती तेव्हा काका पॅन्ट्रीत कप भरत होते.

त्या शेवटच्या संध्याकाळी निघताना ते माझ्या टेबलाशी आले. गोराईची बोट पकडायची घाई होती, तरी थांबले.

"बाय, ती तीन वर्षांची रक्कम आहे ना, ती आता काढू? आता तरी काढलेली चालते ना?"

"हो काका," मी म्हटलं. "आता चालते."