वीतभर आखूड सुरवार

लढाईत मला कधी भीती वाटली नाही, कारण लढाईत मी कायम मागे घोडे धरून उभा असायचो. भीती म्हणजे काय ते मला एका सुरवारीने शिकवलं. त्या सुरवारीला मी जेवढा भ्यालो तेवढा शत्रूला भ्यालो नाही आणि बायकोलाही नाही. (बायकोला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तीच नाही. सहा महिने झाले. म्हणून हे एवढं लिहायची छाती झाली.)

मी पुण्यात एका सरदारांच्या पागेत होतो. पागेत म्हणजे घोड्यांचं खाणं, पिणं आणि लीद ह्या तिन्हींचा मी जाणकार. सरदारांची एक लाडकी पांढरी घोडी होती. दसऱ्याच्या आठ दिवस आधी तिचं पोट धरलं. वैद्याने हात टेकले. मी तिला ओवा, हिंग, सैंधव आणि शिव्या असा काढा पाजला आणि पागेभर फिरवली. दुपारी घोडी मोकळी झाली. (कशी मोकळी झाली ते लिहीत नाही, मी मागेच उभा होतो.) सरदार खूश झाले आणि त्यांनी मला पोशाख दिला. पागोटं, अंगरखा, शेला आणि सुरवार.

पोशाख मिळणं मोठा मान. पण मान देताना कोणी माप घेत नाही. जामदारखान्यात कपडे शिवून रचलेले असतात, हाताला लागेल तो गठ्ठा काढून देतात. माझा गठ्ठा ज्या माणसासाठी शिवला होता तो वरून धिप्पाड असावा आणि खालून लवकर संपलेला असावा. अंगरख्यात माझ्यासारखे दोन मावले असते. सुरवार मात्र घोट्याच्या वर वीतभर थांबली. दोष माझ्या पायांचाही आहे. लग्नाआधी हिने मला दुरून पाहिलं तेव्हा आईला म्हणाली होती, "माणूस थोडा, पाय फार."

आखूड तर आखूड, घालून जायचं, असं तुम्ही म्हणाल. तुमची नोकरी नव्हती पणाला. दसऱ्याच्या मुजऱ्याला मिळालेला पोशाख पुरता घालून जायचा असतो. सुरवार पोटरीवर घेऊन चारचौघांत उभं राहणं म्हणजे धन्याने मला कमी दिलं असं ओरडून सांगणं. ती परत करणं म्हणजे धन्याच्या तोंडावर फेकणं. आणि दिलेल्या वस्त्राला कात्री लावली तर विचारायलाच नको. आदल्या साली आमच्यातल्या एकाने काखेत काचतो म्हणून अंगरखा कापून घेतला. मुजरा करताना त्याचा हात जरा जास्तच मोकळा वर गेला. कारभाऱ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली, नोकरीबरोबर पागेमागची खोली गेली, आणि बायकोमुलं घेऊन तो पायी गावाला लागला.

आम्हीही पागेमागच्या तसल्याच खोलीत राहत होतो. हिला सातवा महिना होता.

मी आधी जामदारखान्यात गेलो. तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "काय?"

"सुरवार आखूड होते. बदलून मिळेल का?"

त्याने वही काढली, पाहिली, मिटली. "सुरवार बरोबर आहे. तुम्ही लांब आहात."

"मग करू काय?"

"ते वहीत नाही."

तिथून रविवार पेठेत रामशेट शिंप्याकडे. माझ्या लग्नातली बंडी त्याने शिवलेली, म्हणजे ओळख जुनी. त्याने सुरवार हातात घेतली, काठावरचं काम ओळखलं आणि विंचू ठेवावा तशी ती माझ्या मांडीवर परत ठेवली.

"रखमाजी, हे वाड्यातलं वस्त्र."

"हो. वीतभर वाढवायचंय."

"ह्याला मी कात्री लावली तर तुमची नोकरी जाईल आणि माझं दुकान जाईल. तुम्ही असं करा, वैद्याकडे जा. पाय कमी होतात का विचारा."

"थट्टा नको रामशेट. परवा दसरा आहे."

"मग दोन दिवस आहेत की. चांगला वैद्य असेल तर होईल."

घरी आलो आणि सुरवार हिच्या पुढ्यात टाकली. हिने सगळं ऐकून घेतलं. ही कधी घाबरायची नाही. तिच्या वाटणीचं मीच घाबरून घ्यायचो.

"कात्री लावायची नाही. सुई लावायची नाही असं कोणी सांगितलंय?"

"पण कापड जोडलं की दिसणार."

"खाली जोडलं तर दिसेल. वर जोडते. कमरेला. वर वीतभर वाढली की खाली वीतभर उतरेल. वरचं सगळं अंगरख्याखाली जातंय, कोण बघायला येणार?"

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. सरदारांच्या फौजेत एवढं डोकं कोणाला नव्हतं. (मला तर नव्हतंच, पण मी फौजेत धरला जात नव्हतो.) डोहाळजेवणाला तिच्या आईने दिलेला हिरवा खण तिने पेटीतून काढला. मी म्हटलं, "अगं, नवा आहे." ती म्हणाली, "तुमची नोकरी जुनी आहे का?" खणाच्या पट्ट्या करून तिने त्या सुरवारीच्या वरच्या काठाला बारीक टाक्यांनी जोडल्या, त्यातच नाडी ओवली, आणि पोट सावरत उठून म्हणाली, "घाला."

घातली. घोट्यापर्यंत आली. देवाला हात जोडले आणि पाऊल टाकलं, तर पाऊल पडेना.

झालं होतं असं, की सुरवारीचं सगळंच वीतभर खाली सरकलं होतं. मांडीसाठी शिवलेलं गुडघ्यावर आलं, गुडघ्याचं पोटरीवर आलं, आणि दोन पाय जिथे एकमेकांपासून वेगळे होतात ती जागा अर्ध्या मांडीवर येऊन बसली. पाय दावणीला बांधल्यासारखे झाले.

"चालून दाखवा," ही म्हणाली.

मी खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलो. खोली सात हात. मला बराच वेळ लागला.

"कशी दिसते?"

"सुरवार बरोबर आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आता पावलं आखूड झाली."

दसऱ्याच्या सकाळी तिने माझी नाडी स्वतः आवळली. इतकी आवळली, की माझा श्वास तिच्या परवानगीने चालू झाला. "ही काही सुटत नाही," ती म्हणाली. पागेपासून सरदारांच्या सदरेपर्यंत एरवी मी पान लावून तोंडात टाकेपर्यंत पोचायचो. त्या दिवशी वाटेत मला एक म्हातारी मागे टाकून गेली, आणि जाताना म्हणाली, "सावकाश बाबा, फार दुखतं का?"

सदर भरली होती. सरदार गादीवर, शेजारी कारभारी. हे कारभारी माणसाकडे बघायचे नाहीत, कपड्यांकडे बघायचे, आणि शिवणीवरून माणूस ओळखायचे. मी वीत वीत पुढे सरकलो. दाराकडून गादीपर्यंत जाताना माझ्या मागून आलेले दोघे मुजरा करून परत फिरलेसुद्धा. कारभाऱ्यांची नजर माझ्या पागोट्यावरून शेल्यावर, शेल्यावरून अंगरख्यावर उतरली आणि सुरवारीवर थांबली. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला, तो नाडीपाशी येऊन अडला.

कमरेत वाकता येत होतं, म्हणून मुजरा झाला.

"ह्यानेच घोडी वाचवली," सरदार म्हणाले. "बस रे रखमाजी."

बसायचं म्हणजे मांडी घालायची. सुरवारीची मांडी माझ्या मांडीवर नव्हतीच, गुडघ्यापाशी पडली होती.

"उभाच बरा आहे, सरकार."

"बस म्हणतोय."

"आपल्यासमोर बसायची माझी लायकी नाही."

सदरेवरचे दोघेतिघे माझ्याकडे बघून मान डोलवायला लागले. अदब म्हणतात ती ही, असं काहीसं एक म्हातारा पुटपुटला. कारभारी मात्र माझ्या गुडघ्यांकडे बघत होते.

कसाबसा बाहेर आलो. मुजरा झाला की सगळ्यांनी घोड्यावर बसून सीमोल्लंघनाला नदीपलीकडे येरवड्याच्या माळावर जायचं, आणि सरदारांची घोडी मी धरायची, अशी रीत. माझ्या डोक्यात एकच, घोड्यावर बसायचं कसं? रिकिबीत पाय जायचा तर तो हातभर वर उचलायला हवा, आणि मला बोटभर उचलता येत होता. घोडी माझ्या हातात दिली तेव्हा माझे हात इतके घामेजले होते, की लगाम निसटायला लागला. म्हणून मी त्याचे मनगटाला दोन वेढे घेतले. घेतले ते भीतीने, हे लक्षात ठेवा.

सरदार पायऱ्या उतरले आणि त्याच घटकेला शिंगं फुंकली, चौघडा कडाडला. घोडी आठ दिवस ओव्यावर हलकी झालेली. ती उधळली.

दुसरा कोणी असता तर चार ढांगा तिच्याबरोबर पळाला असता. मी वीतवीतभराची सहा पावलं टाकली. सातवं पाऊल घोडीच्या मापाचं पडलं. ट र् र् र् असा आवाज सगळ्या चौकाने ऐकला. हिने बांधलेली नाडी सुटली नाही. हिचा हिरवा पट्टाही कमरेला जिथल्या तिथे राहिला. पट्ट्याच्या खालची सुरवार तेवढी वेगळी झाली आणि घोट्यांशी येऊन गोळा झाली. मी पालथा पडलो. घोडीने मला चौकात एक फेरी घडवली, मग दुसरी घडवली. दुसऱ्या फेरीत पागोटं गेलं, शेला गेला. अंगरखा दोन माणसांचा होता म्हणून अब्रू गेली नाही, एवढंच.

तिसऱ्या फेरीच्या आधी घोडी दमली आणि थांबली. थांबली ती कारभाऱ्यांच्या पुढ्यात.

चौघडाही थांबला होता. मला पहिला विचार आला तो पागेमागच्या खोलीचा. दुसरा हिचा. एवढ्या पोटाने ही गावापर्यंत चालणार कशी?

कारभारी वाकले. माझ्या घोट्यांशी गोळा झालेलं वस्त्र त्यांनी उचललं आणि वरच्या काठावरून बोट फिरवत नेलं, अगदी सावकाश. मी जमिनीवर पडून त्या बोटाकडे बघत होतो. बोट जिथे थांबेल तिथे माझी नोकरी संपणार होती. ते पुरतं फिरून परत आलं.

"कात्री लागलेली नाही," कारभारी म्हणाले. ह्याचं त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसलं. काठाला अडकलेला हिरवा धागा त्यांनी चिमटीत धरला. "वर जोड दिलेला आहे. हिरवा."

"कोणी दिला?" सरदारांनी विचारलं.

"बायकोने, सरकार."

"कशासाठी?"

"आखूड होती."

बोलून गेलो आणि मग जीभ चावली. धन्याने दिलेलं वस्त्र आखूड होतं, हे मी दसऱ्याच्या दिवशी, भर चौकात, धन्याला तोंडावर सांगितलं होतं. घोडीने नाक फुरफुरलं ते मला उत्तरासारखं वाटलं.

सरदार माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या मनगटाकडे.

"कारभारी, ह्याचं अंगावरचं सगळं सुटलं," ते म्हणाले. "पण लगाम सुटला नाही. पागेची नाईकी ह्याला द्या."

"आणि सुरवार?"

"दुसरी द्या. माप घेऊन."

मी घरी आलो तो सोललेल्या कोपरांनी, कोणाचं तरी धोतर नेसून आणि पागेचा नाईक होऊन. हिने तिन्ही गोष्टी एका नजरेत पाहिल्या. सगळं ऐकल्यावर एवढंच विचारलं, "खरं सांगा, लगाम का नाही सोडलात?"

"सुटतच नव्हता. वेढे बसले होते."

ती इतकी हसली की पोट धरून खाली बसली, आणि मी पुन्हा घाबरलो. दोन महिन्यांनी लेक झाली. ती सुखरूप आहे, तिचे पाय माझ्यासारखे आहेत, बिचारी.

पुढे बावीस वर्षं मी नाईक होतो. घरी कोणी नवा माणूस आला की मी मिशीवर हात फिरवून म्हणायचो, नाईकी आपल्याला हिमतीवर मिळाली. लगेच आतून हिचा आवाज यायचा, "सुरवारीवर मिळाली. ह्यांना विचारा लगाम का सुटला नाही." बावीस वर्षांत मला ते वाक्य एकदाही धड पुरं करता आलं नाही.

परवा एक नवा शेजारी भेटायला आला. मी म्हटलं, नाईकी मला हिमतीवर मिळाली. वाक्य पुरं झालं. आतून काही आलं नाही. मी उगाच थोडा थांबलो. शेजाऱ्याने मोठ्या आदराने मान डोलावली, "तुमच्याकडे बघून कळतंच हो." मला तो आदर सोसवेना. म्हणून मग मीच त्याला सगळं सांगितलं. आखूड सुरवार, हिरवा जोड, चौकातल्या दोन फेऱ्या, मनगटाचे वेढे. काहीच ठेवलं नाही.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आजोबा, पहिलं सांगितलंत तेच सांगत जा. हे असलं कोणाला खरं वाटायचं नाही."