उपासनीबाईंचा गोल पिनेचा कीबोर्ड

मंदाकिनी उपासनी सहसा कुणावर विश्वास ठेवत नसत, आणि त्याबद्दल त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत दुधाची पिशवी दारात आली की आधी त्या तिच्यावरची तारीख वाचत, आणि मगच आत घेत. वाचनालयाच्या वर्गणीची पावतीसुद्धा त्या तीन वर्षं जपून ठेवत. सदाशिव पेठेतल्या एका वकिलांकडे त्यांनी सव्वीस वर्षं खरेदीखतं आणि मृत्युपत्रं टाइप केली होती. "सख्ख्या भावांचे वाद मी या हातांनी टाइप केलेत," असं त्या म्हणत. "मला कुणी भोळेपणा शिकवू नये."

त्या हातांपैकी डावा पूर्ण धड नव्हता. चाळिशीत असताना त्यांची लूना ओल्या रस्त्यावर घसरली आणि कोपर मोडलं. हाड जुळलं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ताठ झालं. त्या दोन बोटांना गरम-गार कळेना, स्पर्शही कळेना. टायपिस्टची नोकरी संपलीच, असं सगळ्यांनी धरलं होतं. तेवढ्यात वकिलांच्या एका अशिलानं परदेशातून आणलेला एक जाडजूड कीबोर्ड ऑफिसात ठेवून दिला. कोणत्या बटणानं कोणतं अक्षर उमटायचं ते त्यावर आपण ठरवू शकत होतो. डाव्या कडेला बारा जादा बटणं होती, आणि त्यातल्या एकेका बटणात अख्खं वाक्य साठवता येई. हे सगळं कीबोर्डाच्या स्वतःच्या पोटात राही. कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसे.

बाई दोन महिने ती पुस्तिका घेऊन बसल्या. ताठ बोटांच्या वाट्याची सहा-सात अक्षरं त्यांनी उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर आणली. खरेदीखतातली नेहमीची वाक्यं डावीकडच्या बटणांत भरली. वर्षभरात त्या पूर्वीपेक्षा जलद टाइप करू लागल्या. वकील गेले, ऑफिस बंद झालं, तेव्हा त्यांच्या मुलानं विचारलं, "काकू, आठवण म्हणून काय देऊ?" बाईंनी कीबोर्ड मागितला. त्यानंतरची बारा-तेरा वर्षं त्या घरी बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करत होत्या.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. बेंगळुरूला असलेल्या मुलानं, आमोदनं, डब्याएवढा नवा कॉम्प्युटर आणि त्यासाठी एक अरुंद टेबल पाठवून दिलं. कीबोर्डाच्या वायरीच्या टोकाला होती गोल पीन. नव्या डब्याला गोल भोकच नव्हतं.

"आई, तो आता फेकून दे," आमोद फोनवर म्हणाला. "नवा पाठवतो, वायरशिवाय चालणारा."

"आणि नव्यावर माझी दोन बोटं तू येऊन चालवणार का?"

आमोदनं मग गोल पीन नव्या चौकोनी भोकात बसवणारी एक छोटी जोडपीन मागवून दिली. ती लावल्यावर कीबोर्डाचे दिवे एकदा लुकलुकले आणि विझले. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या तनया करंदीकरनं कर्वेनगरच्या बजरंग ढोक यांचं नाव सुचवलं. चाळिशीचा माणूस, मूळचा यवतमाळचा, गेली पंधरा वर्षं पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा.

"तुम्ही ओळखता त्यांना?" बाईंनी विचारलं.

"माझा लॅपटॉप सध्या त्यांच्याकडेच आहे."

"म्हणजे परत आलेला नाही अजून," बाई म्हणाल्या.

बजरंग आले. त्यांनी जोडपीन पाहिली आणि हसून बाजूला ठेवली. "हिनं नुसता आकार बदलतो, काकू. या कीबोर्डाची बोली जुनी आहे. ती नव्या कॉम्प्युटरला समजवून सांगणारी चिप मधे लागते. मी दोन दिवस दुकानात नेऊन बघतो."

"नेता येणार नाही. जे काय बघायचं ते इथं बघा."

ते चिपवाली जोडणी घेऊन पुन्हा आले. पहिलीनं अक्षरं गाळली, म्हणून तिसऱ्या खेपेला दुसरी आणली. दर खेपेला बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. फोन वाजला तरी उठल्या नाहीत. कीबोर्ड बदलला जाऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या पोटाशी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता आणि बजरंग गेल्यावर तो तपासला. दुसऱ्या जोडणीनं सगळं सुरळीत चालू झालं. बजरंगनी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी उघडून मिटवलं, तेव्हा बाईंनी विचारलं, "हे काय केलंत?"

"सेटिंग आहे जी. कीबोर्ड झोपू नये म्हणून."

हे उत्तर बाईंच्या डोक्यात राहिलं. कीबोर्ड झोपतो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या एका प्रबंधाची इंग्रजी संदर्भसूची टाइप करत होत्या. पडद्यावर एकाएकी अक्षरांची एक लांबलचक रांग धावली. एफ, वाय, जी, डब्ल्यू, यू. मग जागा सोडून एन, एस, पूर्णविराम, दोन के, जे. आणि पुढे तसंच आणखी बरंच. बाईंनी हात उचलले. रांग पूर्ण होऊन थांबली. त्यांनी ती पुसली. अर्ध्या तासानं अक्षर न अक्षर तीच रांग पुन्हा आली.

बाई उठल्या आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. सकाळचे दहा वाजले होते, तरी खिडकीचा पडदाही ओढला. त्यांच्या डोळ्यांसमोर मिटवलेली ती सेटिंग आली. कर्वेनगरमध्ये बसून तो माणूस आपल्या कॉम्प्युटरमध्ये लिहीत होता, किंवा इथलं काहीतरी बाहेर ओढत होता. बँकेचे कागद, फ्लॅटचं करारपत्र, विद्यार्थ्यांचे न छापलेले प्रबंध, सगळं त्याच डब्यात होतं. दुपारपर्यंत त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला: 'कर्वेनगरच्या श्री. बजरंग ढोक यांना घरात घेण्यापूर्वी विचार करावा. अनुभवावरून सांगते आहे.'

तनयानं लगेच लॅपटॉप परत आणला. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी ठरलेलं काम रद्द केलं. संध्याकाळी पाचला बजरंग स्वतः दारात उभे राहिले. बाईंनी जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच त्या रांगेबद्दल सुनावलं.

"काकू, मी तुमच्यासमोर बसून काम केलं. तुम्ही पाणी प्यायलाही उठल्या नाही."

"समोर बसून केलेलं सगळंच दिसतं असं नाही."

"नेट काढून ठेवा आणि बघा. तरी आलं, तर ते बाहेरून येत नाही."

"म्हणजे तुम्हाला मागचं झाकायला वेळ मिळेल."

बजरंग मागे वळले. ते जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी बाई पोलिसांत द्यायचा अर्ज लिहायला बसल्या. अर्ज मुद्देसूद हवा, म्हणून ती रांग त्यात जशीच्या तशी द्यायचं त्यांनी ठरवलं. ती कागदावर उतरवून ठेवलेली होतीच. त्या बघून टाइप करू लागल्या: एफ, वाय, जी, डब्ल्यू, यू. पाचव्या अक्षराला त्यांचा हात थबकला. डोळ्यांना जे अगम्य होतं ते बोटांना पाठ होतं. त्यांनी भाषा मराठीवर नेली आणि तीच बटणं त्याच क्रमानं दाबली. पडद्यावर उमटलं: 'लिहून'. पुढची सहा: 'देणार'. कागद न बघताच त्यांनी उरलेलं पूर्ण केलं: 'लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस आज रोजी सदर मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा दिला असे.' हे वाक्य त्यांनीच वीस वर्षांपूर्वी डावीकडच्या एका बटणात भरलं होतं. टायपरायटरच्या मराठी बटणांची ती ओळ इंग्रजीत उमटली की अशी दिसत होती.

पण ते बटण दाबलं कुणी?

त्यांनी खाली पाहिलं. जुन्या मोठ्या टेबलावर त्यांचा डावा हात कीबोर्डाच्या बाहेर टेकत असे. आमोदच्या टेबलाला तेवढी जागाच नव्हती. ताठ करंगळी डाव्या कडेच्या चौथ्या बटणावर पडून होती आणि तिला त्याची जाणीवही नव्हती. बाईंनी उजव्या हातानं ती उचलली आणि पुन्हा सोडली. पडद्यावर ताबा दिल्याचं वाक्य धावून गेलं.

त्यांनी अर्ज पुसला. मग चपला घालून त्या खाली उतरल्या आणि रिक्षा करून कर्वेनगरला गेल्या.

बजरंग एका प्रिंटरवर ओणवे होते. त्यांनी वर पाहिलं, पण बसा म्हटलं नाही. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, करंगळीसकट. "चूक माझ्या हाताची होती," त्या म्हणाल्या. "तुमची नव्हती. मी माफी मागायला आले आहे."

"इथं कोण ऐकतंय जी?" बजरंग शांतपणे म्हणाले. "जिथं लिहिलं तिथं लिहा."

बाईंनी तिथंच फोन काढला. उजव्या हाताच्या एका बोटानं लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली: 'श्री. ढोक यांच्याबद्दल मी लिहिलं ते खोटं होतं. दोष माझा होता, त्यांचं काम चोख आहे.' पाठवण्याआधी फोन त्यांनी बजरंगपुढे धरला. बजरंगनी वाचून मान हलवली.

तनयानं दोन दिवसांनी लॅपटॉप पुन्हा नेऊन दिला. बी विंगच्या गृहस्थांनी तोवर दुसरा माणूस बघितला होता आणि ते परत आले नाहीत. बाईंनी त्यांच्या घरी जाऊन सांगून पाहिलं. "असेल, पण आता राहू दे," एवढंच ते म्हणाले. त्या स्वरात बाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला.

कीबोर्डाची पुस्तिका केव्हाच हरवली होती, म्हणून पुढच्या आठवड्यात बजरंग चौथ्या बटणातलं ते वाक्य पुसून द्यायला आले. कीबोर्डाला हात लावण्याआधी त्यांनी खिशातून फोन काढला, कीबोर्डाचा पुढून फोटो घेतला, मग उलटा करून नेलपॉलिशच्या ठिपक्याचाही घेतला. कोणतं बटण पुसायचं, कोणतं नाही, ते त्यांनी कागदावर मांडलं आणि खाली बाईंची सही मागितली.

"माझ्यावर विश्वास नाही वाटतं," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांकडनंच घेतो आता."

बाईंनी कागद दोनदा वाचला आणि सही केली. या वेळी त्या शेजारी बसल्या नाहीत. स्वयंपाकघरात उभं राहून भांडी उगाच इकडची तिकडं करत राहिल्या. कान मात्र बाहेरच होते. दहा मिनिटांत काम झालं.

"चहा टाकते," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"नको जी, गिऱ्हाईक थांबलंय."

बाईंनी गॅलरीतून पाहिलं. बजरंग फाटकाशी स्कूटरवर बसून बराच वेळ फोन बघत होते, कुठं निघायची घाई दिसत नव्हती. बाई आत आल्या. जुनी दोन पुस्तकं कीबोर्डाच्या डाव्या बाजूला रचून त्यांनी हाताला टेकायला जागा केली, आणि राहिलेली संदर्भसूची पुढे टाइप करायला घेतली.