चोरीचं विरजण

आमच्या शेततळ्यात मी गोड्या पाण्यातली कोळंबी सोडली तेव्हा अख्खा गाव हसला. हसू दे की. मी स्वतःच दिवसातून दहादा तळ्यावर जाऊन हसायचे, इतकी हरखले होते. पिल्लं सोडायच्या दिवशी मी जेवढी नटले, तेवढी पोरीच्या बारशालाही नटले नव्हते.

मग एकाएकी कोळंबीनं खाणं टाकलं. मिशा तुटायला लागल्या, अंगावर काळे डाग. मत्स्यबीज केंद्रातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "वाईट जंतू वाढलेत. औषध ओतू नका, चांगले जंतू सोडा. ते वाइटांचं खाणं खातात, त्यांची जागा अडवतात." चांगले जंतू माझ्याकडे होतेच. केंद्रातून आणलेल्या डब्यातले, गूळ आणि भाताचा कोंडा घालून ड्रममध्ये मुरवत ठेवले होते, घरात विरजण राखतात तसे.

ड्रम उघडला तर भलताच वास. सासऱ्यांनी त्यात टीसीएल टाकली होती, गावच्या विहिरीत टाकतात ती जंतू मारायची पावडर. "लई घान मारत व्हतं. म्हनलं, साफ करावं," ते म्हणाले. केलं होतं मायेनंच. वाईट जंतू मजेत राहिले आणि चांगले मेले. मला राग आला आणि हसूही आवरेना. नवा डबा यायला आठवडा लागणार होता, आणि कोळंबी तेवढा दम धरणार नव्हती.

त्या ड्रममधलाच एक कॅन मी आधी डोंगरावरच्या वाडीतल्या मावशींना दिला होता, गोठ्याचा वास जातो म्हणून. त्या त्यात गूळ घालून तो वाढवत होत्या. स्कूटर काढली आणि सुटले. पोचेपर्यंत दिवेलागण झाली.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "दिवा लागल्यावर इरजन घरातनं देत न्हाईत. लक्षुमी जाती. सकाळी ये."

"अहो मावशी, हे दही न्हाई, जंतू हाईत."

"मग दह्यात काय हत्ती असत्यात?"

तिथंच उंबऱ्यात बसून मुसमुसायला लागले. तशा मावशी पाल्याची पेंडी उचलून म्हणाल्या, "म्या देनार न्हाई म्हंजी न्हाई. म्या चालले शेरडांकडं. मागनं चोर आला तर मला काय ठावं? फकस्त चोरानं समदं नेऊ नये, तळाला जरा ठिवावं."

आयुष्यातली पहिली चोरी, आणि ती मालकिणीच्या सल्ल्यानं. पायांत कॅन धरून मी घाटातून गात गात उतरले. गाणं कुठलं ते विचारू नका, अर्धं मीच रचलेलं होतं.

तळ्यात ओतलं, उरलेलं पुन्हा गुळात वाढवलं, पुन्हा ओतलं. रोज तळ्यात खाणं घालून सोडलेली चाळणी वर ओढायचे, खाणं तसंच. इकडे सासरेही ताटावरून अर्धपोटी उठायचे. मग एका सकाळी चाळणी वर आली ती रिकामी, चाटूनपुसून. एक कोळंबी तिला बिलगून सुटेना. मी चिखलात फतकल मारून सासऱ्यांना हाका मारल्या. ते अनवाणी धावत आले, चेहरा पांढराफटक.

"गेल्या का गं?"

"जेवल्या, मामा. समद्या जेवल्या."

ते माझ्याशेजारी चिखलातच बसले. बराच वेळ त्या चाळणीवर हात फिरवत होते. मग हळूच म्हणाले, "पोरी, मला बी भूक लागलीया."