स्थळ पाहायला येत आहोत

आमच्या सहा जणांत मुक्कामाची जागा शोधायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक माझं अक्षर बरं होतं म्हणून. ऐंशी सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. मी मुलुंडला राहायचो, भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होतो, आणि महिन्यातून एकदा आम्ही मोटरसायकली काढून डांबर संपतं तिथून पुढे जायचो. ओढे, बांध, बैलगाडीच्या चाकोऱ्या. सराव आरे कॉलनीत, गोठ्यांमागच्या चिखलात. तिथून घरी आलो की आई नाकाला पदर लावून दार उघडायची आणि विचारायची, "म्हशींबरोबर लोळत होतास काय रे?"

गाडी कोणीही चालवील, रात्री पाठ कुठे टेकायची हे ठरवायला डोकं लागतं, असं मी म्हणायचो. बाकीचे म्हणायचे, मग तुझ्याकडे कसं काय दिलं आपण? त्यांचंही खरं होतं. माझं काही ठरतच नसे. देवळात झोपावं तर पहाटे आरतीला उठवतात. शाळेची पडवी चांगली, पण तिला कुलूप आणि किल्ली मास्तरांकडे, मास्तर तालुक्याला. पोलीस पाटलाकडे जावं तर तो लायसन्सपासून सुरुवात करतो. म्हणून मी आधी एकदा जाऊन जागा डोळ्यांनी बघून यायचो, आणि बघून आल्यावर आणखीच गोंधळायचो.

कारखान्यात पॅकिंगला एक जण होता, मुरबाडकडचा. तो म्हणाला, "माझ्या मामाचं घर बघ ना. अंगण एवढं मोठं आहे की सहा काय, साठ गाड्या लागतील. कार्ड टाक, मामा नाही म्हणणार नाही." मी कार्ड टाकलं. आता मुंबईत 'जागा' म्हटलं की पागडी आठवते. अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला तसलं काही लिहावं हे मला बरं वाटेना. प्रेक्षणीय स्थळ, रम्य स्थळ असं आपण म्हणतो, त्या चालीवर मी लिहिलं: "आपल्याकडील स्थळाबद्दल आपल्या भाच्याकडून समजले. चांगले आहे असे ऐकतो. तरी प्रत्यक्ष पाहून मग ठरवावे असा विचार आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे स्थळ पाहायला येत आहोत. विशेष तयारी करू नये."

वाचणाऱ्याला आत्ताच हसू आलं असेल. मला आलं नाही. मी ते कार्ड दोनदा वाचलं, खूश झालो आणि पेटीत टाकलं.

रविवारी मी आणि आमच्यातला अंधेरीच्या गावठाणातला कॅथलिक दोस्त असे एकाच गाडीवर निघालो. शेवटचे चार मैल वळवाच्या पावसाने नुसता चिखल. पोचलो तेव्हा आमचे फक्त डोळे स्वच्छ होते. अंगण मात्र ताजं सारवलेलं, दारात रांगोळी, ओटीवर चार टोप्या आणि दोन खुर्च्या. एका म्हाताऱ्याने पुढे येऊन आमच्या पायांवर पाणी घातलं.

"काय माणसं आहेत रे!" दोस्त म्हणाला. "आमच्याकडे बिशपला पण एवढं करत नाहीत."

मामा, म्हणजे घरधनी, फार कमी बोलणारे होते. बोलायचं काम त्यांच्या एका चुलत्यांनी घेतलं होतं. मुंबईत राहायची सोय काय, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, आम्ही बाहेर पडल्यावर झोपतो कसे ते विचारतायत. मी म्हणालो, "सोय काही लागत नाही. मला उघड्यावर झोपायची सवय आहे." टोप्या एकमेकींकडे वळल्या. मग "हे तुमचे कोण?" असं दोस्ताकडे बघून झालं. त्याच्या गळ्यातला क्रूस चिखलातून चांगलाच चमकत होता. मी म्हणालो, "हे माझ्याबरोबर सगळीकडे असतात." आणखी एकदा टोप्या वळल्या.

तेवढ्यात आतून एक मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली. विशी ओलांडलेली, खाली मान. चुलते म्हणाले, "विचारा, काय विचारायचं असेल ते."

मला हे जरा विचित्र वाटलं. पण मनात म्हटलं, हिलाच इथली माहिती जास्त असेल. मी विचारलं, "पलीकडच्या ओढ्यातून मोटरसायकल जाईल का?"

तिने मान वर केली. "खालच्या अंगाला गाळ आहे, तिकडून नका जाऊ. वर जांभळीखाली खडक लागतो, तिथून जाईल. पण दोघं बसून नको. एकाने उतरायचं."

अशी माहिती मला कोणत्याही गावात कोणी दिली नव्हती. मी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. सगळं घर माझ्या पेन्सिलीकडे बघत होतं. एवढं स्वच्छ अंगण, एवढं सरळ उत्तर, मी भलताच खूश झालो आणि मामांना म्हणालो, "आम्ही सहा जण असू. एका रात्रीचाच तर प्रश्न आहे."

चुलत्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे वऱ्हाड सहाच माणसांचं? बघा, मी म्हटलं नव्हतं? कार्डातच लिहिलं होतं, विशेष तयारी करू नये. माणसं साधी आहेत."

वऱ्हाड हा शब्द माझ्या कानात शिरला आणि कार्डातलं एकेक वाक्य उलटं होऊन माझ्या अंगावर आलं. स्थळ. चांगले आहे असे ऐकतो. प्रत्यक्ष पाहून ठरवावे. भाच्याला मामांनी वर्षभर सांगून ठेवलं होतं की मुंबईत एखादं स्थळ असलं तर बघ, हे मला नंतर कळलं. शेजारी दोस्त पोहे चावायचा थांबला. "वाट लागली यार," तो पुटपुटला.

अंगण बघायला आलो होतो असं चार माणसांत सांगितलं तर मामांची शोभा होणार. नाही सांगितलं तर मी नवरा मुलगा होणार. तोंडातून काय निघालं, तर, "घरी विचारून कळवतो."

मला वाटलं, सुटलो. मामांचे खांदे खाली आले. चुलत्यांनी सुपारीचं ताट मागे सरकवलं. पोहे खाऊन 'कळवतो' म्हणणाऱ्याचा अर्थ काय, तो सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होता. दोन बहिणींच्या वेळी आमच्या दारात तो शब्द ऐकला होता, आणि तरी मी तो उच्चारला.

दोस्त गाडीकडे गेला. मी तोंडावरचा चिखल धुवायला परसातल्या विहिरीवर गेलो. ती पोहरा ओढत होती. माझ्या ओंजळीत पाणी घालता घालता ती म्हणाली, "तुम्ही मला बघायला आलाच नव्हता ना?"

मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळेना.

"बघायला आलेला माणूस ओढा विचारत नाही. मग काय बघायला आला होता?"

"अंगण," मी म्हणालो. "आमच्या गाड्या लावायला. कार्डात शब्द चुकला माझा."

ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. "मग तसं जाऊन सांगा. हे तिसरं आहे. दोघांनी कळवतो म्हणून कळवलं नाही. तुम्ही कळवतो म्हणून गेलात की मी तिसऱ्यांदा नाकारलेली. अंगण बघायला आला होता म्हटलं, तर मला कोणी बघितलंच नाही."

"पण तुमच्या वडिलांना लोक हसतील."

"हसू देत. दोन दिवस हसतील."

मी पुन्हा ओटीसमोर गेलो. जे होतं ते सगळं सांगितलं. मोटरसायकली, सहा जण, मुक्काम, माझा शब्द, माझा मूर्खपणा. चुलत्यांनी कपाळावर हात मारला. एक टोपी खरंच खदखदून हसली. मामांनी कोटाच्या खिशातून कार्ड काढलं, डोळ्यांजवळ धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि घडी घालून परत ठेवलं.

"बरं," ते म्हणाले. "मग अंगण तरी पसंत आहे का?"

ती परसाच्या बाजूने येऊन उंबऱ्यात उभी होती, पोहरा हातात तसाच. आता तिची मान खाली नव्हती.

"पसंत आहे," मी म्हणालो. आणि हे म्हणताना मी अंगणाकडे बघत नव्हतो.

मामांनी ते बघितलं की नाही, माहीत नाही. "मग या कधीही," एवढंच ते म्हणाले. जाताना वाट वाकडी करून मुद्दाम ओढ्यावर गेलो. दोस्त खाली उतरला, मी जांभळीखालून गाडी काढली. मुलुंड आल्यावर तो गाडीवरून उतरला. मग म्हणाला, "तू नक्की काय पसंत केलंस रे?" मी म्हणालो, गप ना.

पुढच्या महिन्यात आमचा मुक्काम भलत्याच गावात, शाळेच्या पडवीत पडला. त्या अंगणाचं काय झालं, असं बाकीच्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की तिथे पाण्याची सोय नाही. त्या अंगणात नुसतं झोपायला जायचं माझ्या मनात नव्हतं, आणि दुसऱ्या कशासाठी जायची हिंमत झाली नाही. तीन कार्डं लिहिली आणि फाडली. मग पावसाळा आला, रस्ता बंद झाला. दिवाळीच्या सुमारास पॅकिंगमधला तो मित्र पेढे घेऊन टूलरूममध्ये आला आणि म्हणाला, मामाच्या मुलीचं जमलं. मी पेढा घेतला. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, पण तो पेढा न खाता मी डब्यात ठेवून दिला.