रोजामावशीची पेज

नाताळच्या सकाळी सुनेने माझ्या बिघडलेल्या पोटासाठी पेज शिजवली आणि त्या वाफेसरशी मी स्वातंत्र्यानंतरच्या रेवदंड्यात जाऊन पोचलो.

तेव्हा चर्चमधलं नाताळचं गाणं मी एकटा म्हणायचो आणि स्वतःला कोकीळ समजायचो. त्या दिवशी मिस्साआधी, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेआधी, फादरांनी मला हात लुळे पडलेल्या रोजामावशीला पेज भरवायला धाडलं. नवी पांढरी पँट सावरत मी उकिडवा बसलो. म्हातारी एकेक घास तोंडात घोळवत होती, आणि तिकडे घंटा सुरू झाली. गोठ्यात जन्मलेल्या गरीब बाळाचं गाणं गायला मला या गरीब म्हातारीच्या झोपडीतून पळायचं होतं! घाईत चमचा तिच्या हनुवटीवर आपटला आणि पेज माझ्या पँटवर सांडली.

"घाई हाय का रं?"

"न्हाय मावशी. पन आज माझं गानं हाय."

"मंग हितंच म्हन की. मला कोन नेतंय देवलात?"

मी गायलो, तेही बेसूर. तिकडे मिस्सा सुरू झाली. शेवटचा घास गिळून मावशी म्हणाली, "तुझा नाताळ आज सरल. मला उद्या पन भूक लागल. येशील?"

मी 'येईन' म्हणालो, पण जरा थांबून. ते थांबणं अजूनही मला चर्चच्या बाकावर स्वस्थ बसू देत नाही.