सरकी भरलेला पडदा

सगुणाबाईंना एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसलं, की त्या सुतळीचं टोक दातांत धरायच्या. हात शिवत राहायचे. विचारणारा थोडा वेळ उभा राही आणि निघून जाई. अमरावतीच्या कापसाच्या बाजारात गोण्या शिवणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या. अंबाड्यात दाभण खोचलेलं असे, त्यामुळे पाठीमागून जवळ जायची कुणाची छाती नव्हती.

त्या दिवसांत विलायतेला आमचा कापूस एकाएकी हवासा झाला होता. बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं आली, माणसांच्या डोक्यावर नवी पागोटी आली आणि आमच्या शेटजींच्या डोक्यात नाटक आलं. देशावरची एक नाटकमंडळी त्यांनी बोलावली. तिचा पडदा वाटेतल्या नदीत भिजून फाटला होता, म्हणजे नवा आम्हीच करायचा. वखारीचा कारभार माझ्याकडे असल्याने मांडव, दोर, दिवट्या, जाजमं आणि पडदा अशी यादी मी केली. पडद्याचं कापड म्हणजे तांबडी, जाडजूड, दुपदरी खादी. बाजारातल्या शिंप्यांनी ती चिमटीत धरून पाहिली आणि हात जोडले.

"आमी शिवून देतो जी," सगुणाबाई शेटजींना म्हणाल्या. "पण बायांले खेळ पाहाले बसवा लागन."

"तुम्हाला काय करायचंय नाटक?"

"आमचे नवरे पाहून येतेत अन् घरी सांगतेत. राक्षस मराच्या आंधीच घोराले लागतेत. आमाले एकाही नाटकाचा शेवट मालूम नाही."

शेटजी हसले आणि हो म्हणाले. वखारीच्या अंगणात पट्ट्या अंथरून बायका दोन्ही कडांना समोरासमोर बसल्या. दाभणं खालवर होऊ लागली. वर बांबू घालायला नेफा, मध्ये दोरखंडासारख्या शिवणी. पडदा पुरा झाला तसा शेटजींनी शब्द फिरवला. बायका मांडवात बसल्या तर लोक काय म्हणतील? सगुणाबाईंनी सुतळी दातांत धरली. मला वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "बाबू, पडदा वाऱ्यानं उडून राहिला. खालच्या दुमडीत वजन पाहिजे."

"वाळू भरा."

"वाळू झिरपते. सरकी भरतो. वखारीत ढीग पडला हाये."

वस्तू फुकटची आणि हाताशी. मी हो म्हटलं.

पहिल्या खेळाला गावोगावच्या गाड्या आल्या. बैल मी मांडवाच्या कडेलाच बांधवले होते, खेळ सुटल्यावर गोंधळ नको म्हणून. नांदी झाली, पडदा पडला आणि बाजूने घुंगरांचा आवाज आला. आता नाचणारी येणार म्हणून लोक पागोटी सावरून बसले. आला तो एक पांढरा बैल. त्याने पडद्याचा कोपरा तोंडात धरला आणि शांतपणे चघळायला सुरुवात केली. सरकीपुढे बैलाला कुणाची पर्वा नसते. राक्षसाने बाहेर येऊन आरोळी ठोकली. बैलाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला. तोवर आणखी दोन दावी तोडून आले.

दुमड गेली, पण शिवण एक उसवली नाही. मात्र वजन गेल्यामुळे वारा आला की पडदा कमरेइतका वर उडे. सीता चिलीम ओढत बसलेली साऱ्या अमरावतीने पाहिली. मंडळीचे मालक संतापून म्हणाले, "उद्या असंच झालं तर आम्ही अकोल्याला चाललो."

अकोल्याचं नाव काढताच शेटजींचा चेहरा उतरला. त्यांनी सगुणाबाईंना बोलावून घेतलं.

"दुमडच नाही, आता वजन कायच्यात भरता? पडदा पडला का दोहीकडून कोणी त्याच्यावर बसाले पाहिजे जी. उठला का उठावं."

"माणसं बसवतो."

"बसवा ना."

शेटजींनी एकेकाला विचारलं. कुणीच तयार होईना. कडेला, अंधारात बसल्यावर नवं पागोटं कुणाला दिसणार? शेवटी शेटजी जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमच्या बायका आणा."

बायका आल्या. पडदा पडला की दोन्ही कोपऱ्यांवर ठाण मांडून बसत. वर गेला की तिथूनच, सगळ्यांच्या पुढून, नाटक पाहत. राक्षस मेला तेव्हा सगुणाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. "पाह्य, याच्याच आंधी झोपला होता तुवा नवरा."

तेव्हापासून बैल कुठे बांधायचे, हे माझ्या प्रत्येक यादीत पहिलं असतं.

पुढे सगुणाबाई लेकीकडे अकोल्याला गेल्या. गेल्या साली तिकडे काम निघालं म्हणून भेटून आलो. त्यांना आता दिसत नव्हतं, शिवणकाम सुटलं होतं; मला आवाजावरून ओळखलं. निघताना इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "मावशी, सरकी बैल खातील हे तुमच्या ध्यानात नव्हतं?"

सुतळी तर हातात नव्हती. त्यांनी चाचपत पदराचं टोक शोधलं आणि दातांत धरलं.